लहान झालेले कपडे ऑनलाईन विकायचेत? आधी गिऱ्हाईक शोधा, भाव नंतर ठरवा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी आता चार वर्षांची, तिचे तान्हेपणापासूनचे कपडे पत्र्याच्या दोन पेट्यांत भरून माळ्यावर पडलेत, त्यातले निम्मे तर जेमतेम दोन-तीनदा अंगात गेलेले. तुम्ही अमळनेरहून ओएलएक्सवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर महिनाभर फोटो टाकले, मेसेज आले ते सगळे "लास्ट प्राईस?" एवढेच, आणि कपडा एकही गेला नाही. सासूबाई म्हणतात भांडीवालीला देऊन टाक, एखादं पातेलं तरी येईल. तुम्हाला विचारायचंय की भाव किती ठेवायचा, कुठे टाकायचं, त्या महागाच्या घागऱ्याचं काय करायचं, आणि मुळात या खटाटोपात काही राम आहे का.

राम आहे, पण तुम्ही जिकडून सुरुवात केली तिकडून नाही. मी भुसावळला राहते, वापरलेल्या लहान मुलांच्या कपड्यांची देवघेव बरीच वर्षं करतेय, आधी फक्त माझ्या दोघांचे कपडे होते, मग ओळखीच्यांचे यायला लागले, आता भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यातल्या बायांचा चांगला मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यामुळे जे सांगतेय ते आपल्या भागातलं सांगतेय, पुण्या-मुंबईचं गणित वेगळं असतं.

आधी हे बघा की तुमचे कपडे का गेले नाहीत. आपल्याला सुरत जवळ आहे. सुरतचा माल आपल्या आठवडे बाजारात गठ्ठ्यांनी येतो, दीडशे-दोनशेत नवाकोरा, चमचम करणारा फ्रॉक मिळतो, भले तो तीन धुण्यांत उसवो. झुडिओसारख्या दुकानात दोन-तीनशेत नवा टीशर्ट मिळतो. आता तुम्ही कितीही चांगला कपडा असला तरी त्याचा फोटो टाकून खाली "२०० रुपये" लिहिलंत, तर समोरची अनोळखी बाई म्हणणार, एवढ्यात नवा येतो की, मी कोणाचा वापरलेला कशाला घेऊ. तिचं चुकतही नाही, तिला तुमच्या घरची स्वच्छता माहीत नाही, कापड हाताला कसं लागतं ते माहीत नाही, आपल्या पोराच्या अंगाला बसेल का तेही माहीत नाही. मग तुम्ही २०० चे १०० केले काय आणि ८० केले काय, तिची शंका तिथेच राहते, उलट भाव उतरला की ती वाढते.

म्हणून मी सगळ्यांना पहिलं हेच सांगते की कपडे बाजूला ठेवा आणि गिऱ्हाईक शोधा. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे जिचं मूल तुमच्या मुलीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी लहान आहे अशी आई, आणि शक्यतो जिच्या मुलीचा जन्म तुमच्या मुलीच्याच मोसमातला आहे. हे मोसमाचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा तुमची मुलगी मे महिन्यातली आहे, तर ती सहा-आठ महिन्यांची असताना थंडी होती, म्हणजे तुमच्याकडे ६ ते १२ महिन्यांच्या मापाचे स्वेटर, टोपरी, पूर्ण बाह्यांचे सूट आहेत. हेच कपडे नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलीच्या आईला फुकट दिले तरी कामाचे नाहीत, कारण तिची मुलगी त्या मापात येईल तेव्हा आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असणार आणि ती त्या पोरीला झबल्यात पण ठेवू शकणार नाही. एकदा का अशा तीन-चार आया तुम्हाला सापडल्या की दरवर्षी मुलीचे लहान झालेले कपडे त्यांच्याकडेच जातात, जाहिरात करावी लागत नाही, दुसऱ्या वर्षापासून त्याच फोन करून विचारतात की यंदाचं काय निघालं.

त्या सापडतात कुठे? अंगणवाडी, नर्सरी, बालवाडीच्या पालकांचा ग्रुप, लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाया, तुमच्या नणंदांच्या आणि जावांच्या मैत्रिणी. आमच्याकडे भुसावळला अजून एक सोय आहे, रेल्वेची कॉलनी, ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत, दीपनगरच्या थर्मल वीजकेंद्राची वसाहत, इथे बदलीवर आलेली कुटुंबं भरपूर, त्यांच्याकडे कपडे चांगल्या ब्रँडचे असतात आणि बदली झाली की एप्रिल-मेमध्ये त्यांना सामान कमी करायचंच असतं. घ्यायलाही ते लोक लाजत नाहीत. अमळनेरला असं काय आहे ते तुम्हीच जास्त ओळखाल, बँकेतले, कॉलेजचे, शाळांचे बाहेरगावाहून आलेले स्टाफ असतातच, तिथून सुरुवात करा. बाकी तुमचा माल कितपत जाईल हे गावावर, ब्रँडवर, मुलीचे आहेत की मुलाचे यावर थोडंफार अवलंबून आहेच. मुलांचे कपडे चार वर्षांनंतर फाटतातच जास्त, गुडघे गेलेले असतात, म्हणून मुलाची चांगली पँट पटकन उचलली जाते. मुलींचे फ्रॉक मात्र सगळ्यांकडेच ढीगभर असतात, ते तेवढे सहज जात नाहीत.

आता पेट्या खाली काढा. मी तर म्हणते दिवस ठरवूनच काढा, सकाळी, उजेडात. एक-एक कपडा उलटा करून खिडकीशी धरायचा. आपल्याकडे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत दोन उन्हाळे गेले म्हणजे आतल्या कपड्यांची भट्टीच झालेली असते, वरून घडी छान दिसते पण इलॅस्टिक मेलेलं असतं, ताणलं की करकर वाजतं आणि परत येत नाही. टीशर्टवरचे रबरी प्रिंट उष्णतेने एकमेकांना चिकटतात, ओढून काढायला गेलं की कार्टूनचा अर्धा चेहरा दुसऱ्या टीशर्टवर जातो. नकली चामड्याची जॅकेटं आणि बूट पापुद्रे सोडतात. हे सगळं वेगळं काढा. इलॅस्टिक बदलता येतं, वीस-तीस रुपयांचं काम आहे, घरी शिलाई मशीन असेल तर तेवढंही नाही, आणि नवं इलॅस्टिक घातलेली लेगिंग लगेच जाते, म्हणून ते जरूर करा. प्रिंट गेलेलं मात्र विकायला ठेवू नका.

डागांचं सांगायचं तर आपल्या भागातला सगळ्यात चिवट डाग म्हणजे केळीचा. दोन प्रकार असतात. एक, पोराने केळं खाताना सांडलेलं, ते ओलं असताना दिसतही नाही, साध्या पाण्यात खळबळून वाळत घातलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी होऊन वर येतं. हा डाग जुना नसेल तर साबण लावून, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीने पुष्कळसा जातो. दुसरा, केळीच्या झाडाचा चीक, शेतात बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या पोराच्या कपड्याला लागतोच. तो एकदा वाळून काळपट झाला की त्याच्या नादी लागू नका, कापड विरेल पण डाग जाणार नाही. असा कपडा शेतात घालायला घरीच ठेवा नाहीतर पुसायला घ्या. दुधाचे पिवळे डाग गळ्यापाशी येतात, धुवून ठेवलेल्या कपड्यावर सुद्धा सहा महिन्यांनी उमटतात, म्हणून विकायच्या आधी परत एकदा धुणं आलंच.

धुताना गरम पाणी आणि नंतर कडक ऊन, या दोन गोष्टी सोडू नका. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही, तेव्हा पेटीत पडून राहिलेल्या कपड्याची तशी भीती नसते, पण घेणाऱ्या आईच्या मनात ती असतेच. तुम्ही "गरम पाण्यात धुतलंय, उन्हात वाळवलंय" एवढं एक वाक्य फोटोखाली लिहा, त्याने विचारणाऱ्यांचा सूरच बदलतो. आपल्या उन्हाइतकं फुकटचं औषध दुसरं नाही, फक्त रंगीत कपडा उलटा करून टाका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. तान्ह्या बाळांच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकलेल्या असतील तर ते कपडे तसेच कोणाला देऊ नका. काही बाळांच्या शरीरात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि आईबापाला त्याची कल्पनाही नसते, अशा बाळाला त्या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते, नुसत्या त्यात ठेवलेल्या कपड्यांमुळे आणि पांघरुणामुळे सुद्धा. बालरोगतज्ज्ञ हे सांगतात, पण ऐकायला येतं तेव्हा बाळ ॲडमिट झालेलं असतं. ठेवायला कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती फडक्यात बांधून टाका, आपल्याकडे दारोदारी आहे. आधी टाकलेल्या गोळ्यांचा वास असेल तर दोनदा धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, लागले तर चार दिवस, वाऱ्यावर-उन्हात राहू द्या. तरी वास राहिला तर तो कपडा तान्ह्या बाळासाठी नाही.

तसंच टोपीच्या नाहीतर गळ्याच्या लोंबत्या नाड्या, सैल झालेली बटणं, धाग्यावर लटकणारे मणी आणि टिकल्या, हे देण्याआधी एकतर पक्कं करा नाहीतर काढून टाका. आतले कपडे, वापरलेले लंगोट, पायमोजे विकू नयेत असं माझं मत आहे, कितीही स्वच्छ असले तरी.

मग माप. इथे लोक फार घाई करतात. लेबलवर "२-३ वर्षे" लिहिलेलं असतं पण एका ब्रँडचं २-३ दुसऱ्याच्या ३-४ एवढं असतं, आणि बाजारातल्या कपड्याला तर नुसता १८ नंबर, २० नंबर असतो. टेप घ्या. कपडा पलंगावर सपाट टाका, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत किती इंच, खांद्यापासून खालपर्यंत किती इंच, पँट असेल तर कंबर न ताणता किती आणि ताणून किती, आणि आतली शिवण पायाच्या टोकापर्यंत किती. कागदावर लिहून तो कागद कपड्यावर ठेवूनच फोटो काढा. घेणारी आई आपल्या पोराचा अंगाला बसणारा एक कपडा काढून ताडून बघते आणि तिचा निर्णय होतो. माझ्या अनुभवात मापं लिहायला लागल्यावर "बसेल का?" हा प्रश्न जवळपास बंद होतो, आणि परत आणून देणंही.

फोटो सकाळी आठ-नऊच्या आत, सावलीत, साध्या एकरंगी चादरीवर. दुपारी आपल्याकडचं ऊन इतकं पांढरं असतं की मोरपंखी सुद्धा आकाशी दिसतो आणि मग रंग वेगळा निघाला म्हणून वाद होतात. प्रत्येक कपड्याचे चार फोटो, समोरून, लेबल, गळा-बाह्यांची कड, आणि दोष. दोष बोट ठेवून दाखवा. "इथे छोटा डाग आहे, इथे एक टिकली गेलीय" असं स्वतःहून सांगणाऱ्या बाईचा माल आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी जातो, कारण लोकांना वाटतं हिने एवढं सांगितलं म्हणजे लपवलं काही नसणार. मुलीचा तो कपडा घातलेला फोटो मात्र टाकू नका. फोटो कुठून कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही. शाळेचा युनिफॉर्म असेल तर बॅजवरचं नाव आणि तुकडी काढून मगच फोटो.

आता भाव. सुट्टा कपडा विकायचा विचारच सोडा, लॉट करा. एका मापाचे, एका मोसमाचे सात-आठ कपडे एकत्र. उदाहरण देते: २-३ वर्षांचे तीन टीशर्ट, दोन लेगिंग, दोन सुती फ्रॉक, एक नाईट सूट, नवे घेताना समजा २,८०० रुपये लागले असतील. असा लॉट चांगल्या अवस्थेत असेल तर ६०० ते ७०० ला जातो. म्हणजे रोजच्या कपड्याला मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. सुरती आणि बाजाराच्या मालाला तेवढाही नाही, तो लॉटमध्ये वर भर म्हणून टाका. चांगल्या ब्रँडचा, लेबल असलेला, एक-दोनदाच घातलेला असेल तर चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, जॅकेट आणि पार्टीचा ड्रेस कधी निम्म्यापर्यंत. त्याच्या वर अपेक्षा ठेवली की कपडे पेटीतच राहतात आणि दरवर्षी त्यांची किंमत अजून उतरते. तुम्ही लिहिलंय की एका फ्रॉकला १,५०० दिले होते, ते १,५०० तुमच्या मुलीने घातला तेव्हाच वसूल झाले असं धरा. हे मनाशी पक्कं झालं की भाव ठरवताना जीव खालीवर होत नाही.

"लास्ट प्राईस?" वाल्यांना भाव कमी करून देऊ नका, वस्तू वाढवून द्या. "सातशे फिक्स, पण टोपी आणि एक टीशर्ट वरून देते." आपल्या बाजारात कोथिंबीर वरून मागायची सवय सगळ्यांना आहे, त्यांनाही बरं वाटतं आणि तुमची पेटीही रिकामी होते.

लॉट करण्याचं दुसरं कारण म्हणजे पाठवायचा खर्च. शंभर रुपयांचा फ्रॉक कुरिअरने पाठवायला जवळपास तेवढेच लागले तर कोण घेईल. सातशेच्या लॉटमध्ये तो खर्च खपून जातो. लहान मुलांचे कपडे हलके असतात, आठ कपड्यांचा गठ्ठा घट्ट गुंडाळला तर साधारण किलो-सव्वा किलोच्या आत बसतो. पाठवायच्या आधी घरच्या काट्यावर वजन करून पोस्टात नाहीतर कुरिअरवाल्याकडे विचारा आणि तो आकडा भावात वेगळा दाखवा, "कपडे ६५० + पार्सल" असं. पण खरं सांगू का, आपल्या पट्ट्यात कुरिअरची गरजच कमी पडते. अमळनेर-जळगाव-भुसावळ रोज अपडाऊन करणारी माणसं किती आहेत! सुरत-भुसावळ लाईनवर धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार सगळी गावं ओवलेली आहेत, कोणाचा भाऊ, कोणाचे मिस्टर त्या गाडीने जातच असतात. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त पिशव्या अशाच पोचतात. फक्त पैसे आधी यूपीआयने घ्या आणि पिशवी देताना फोटो काढून दोघांना पाठवा.

कुठे टाकायचं यावर माझं मत स्पष्ट आहे: पहिलं तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. तिथे बघणारे सगळे तुमचा नंबर सेव्ह असलेले, म्हणजे तुम्हाला ओळखणारे. तुमच्या घरी कपडे कसे वापरले जातात हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि याच विश्वासावर वापरलेला कपडा विकला जातो. स्टेटस चोवीस तासांनी जातं, म्हणून एका दिवशी एकच लॉट टाका, सगळी पेटी एकदम नको. त्यानंतर शाळेचे, सोसायटीचे, माहेरचे ग्रुप, अ‍ॅडमिनला विचारून. ओएलएक्स आणि मार्केटप्लेस शेवटी, आणि तेही पाळणा, वॉकर, ब्रँडेड जॅकेट अशा मोठ्या वस्तूंसाठी.

तिथे फसवणुकीचं मात्र लक्षात ठेवा. भाव न विचारता, माप न विचारता "मला घ्यायचंय, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हटलं की तिथेच ब्लॉक करा. मी फौजी आहे, पोस्टिंग बाहेर आहे, असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे फार असतात, ते ओळखपत्र दुसऱ्याच कोणाचं असतं. पैसे यायला पिन लागत नाही आणि स्कॅनही करावा लागत नाही, हे दोन्ही फक्त पैसे द्यायला लागतं. कधी पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त. आणि अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नका, स्टँडजवळ नाहीतर ओळखीच्या दुकानात भेटा.

वेळ कोणती, हे तुम्ही विचारलं नाही पण अर्धं काम वेळेवरच होतं. तुम्ही महिनाभर फोटो टाकले ते नेमके कोणत्या महिन्यात हे लिहिलं नाहीत, पण पेटीतले स्वेटर होळीनंतर टाकले असतील तर कोणीच घेणार नाही. आपल्याकडे थंडी थोडे दिवस पण बोचरी असते, म्हणून स्वेटर वापरले कमी जातात आणि नव्यासारखे राहतात, ते कोजागिरी झाली की बाहेर काढायचे, दिवाळीपर्यंत संपतात. खेड्यावरच्या घरांत कापूस विकून हातात पैसा येतो तोही तेव्हापासूनच. सुती झबली, बिनबाह्यांचे फ्रॉक फेब्रुवारीच्या शेवटी. शाळेचे युनिफॉर्म, दप्तर, रेनकोट मेच्या शेवटच्या आठवड्यात, कारण १५ जूनच्या आसपास शाळा उघडते आणि खासगी शाळांचा युनिफॉर्म ठराविक दुकानात महाग मिळतो. एक इयत्ता खालच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलात तर दुपारपर्यंत जातो.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, विसरू नका. आखाजीला लेकी माहेरी येतात, सुरतहून, नाशिकहून, कल्याणहून, लहान पोरं घेऊन येतात, चार दिवस राहतात, झोके खेळतात, निवांत असतात. घरी बोलवा, कपडे पलंगावर मांडून ठेवा, हातात घेऊन बघू द्या. फोटोवरून जे महिनाभरात जात नाही ते तिथे गप्पा मारता मारता जातं. आमच्या गल्लीत मागे एक आजी पेटीत डोकावून म्हणाल्या होत्या, "जुना कपडास्ना पैसा कोन देस वं माय?" आणि त्यांच्याच नातीने जाताना तिच्या बाळासाठी दोन लॉट उचलले.

यावरून सासूबाईंचं. भांडीवालीला द्या म्हणतात त्यात चुकीचं काही नाही, फक्त तिला लहान मुलांचे कपडे फारसे नको असतात, तिला साड्या, पँटी, मोठा कपडा हवा असतो, त्यामुळे दोन पेट्या देऊनही पातेलं छोटंच येईल. डागाचे, विरलेले सुती कपडे गोधडीला ठेवा. पण कधीकधी म्हाताऱ्या माणसांच्या मनात वेगळंच असतं, बाळाचे कपडे बाहेर गेले तर नजर लागते, कोणी काही करेल, असं. मला हे बऱ्याच घरांत भेटलंय आणि मी कधी त्यावरून वाद घालत नाही. बारशाचं झबलं-टोपरं, पहिल्या वाढदिवसाचा ड्रेस, असे त्यांना हवे ते दोन-चार कपडे त्यांच्याच हाताने निवडून बाजूला ठेवू द्या, बाकीच्याला त्या हरकत घेत नाहीत. उलट आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिला कपडा वापरलेला, मऊ झालेलाच घालायची रीत आहे, नव्याची खळ त्याच्या कातडीला टोचते म्हणून. सासूबाईंना ती रीत माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल, त्यांनाच विचारा की आपल्या मुलीला पहिलं झबलं कोणाचं घातलं होतं.

जे विकायचं नाही पण धड आहे ते द्यायचं असेल तर नुसता गठ्ठा बांधून सातपुड्यात पाठवू नका. धडगाव, अक्कलकुवा भागात दिवाळीत असे गठ्ठे खूप जातात आणि त्यात फाटकंतुटकंही असतं, ते त्या माणसांना कमी लेखल्यासारखं होतं. तिथल्या एखाद्या शिक्षकाला आधी फोन करून कोणत्या वयाचं काय हवंय ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर येतं स्वेटर, आणि तेच धुवून, बटणं लावून द्या.

टॅक्सची काळजी करू नका, घरातले स्वतःचे वापरलेले कपडे विकणं म्हणजे धंदा नव्हे, आयकर कायद्यातही अंगावरचे कपडे वैयक्तिक वापराच्या वस्तूंत धरलेत. पुढे तुम्ही दुसऱ्यांकडून विकत घेऊन नफ्यावर विकायला लागलात तर तो धंदा झाला, मग हिशोबाची वही ठेवा.

राहता राहिला तो घागरा. एकदाच लग्नात घातलेला, तीन हजारांचा, तीन वर्षांच्या मापाचा. तो विकू नका, भाड्याने द्या. बोरन्हाणाचा काळा फ्रॉक, नवरात्रातली चनिया-चोळी, शिवजयंतीला मावळ्याचा आणि जिजाऊंचा पोशाख, जन्माष्टमीचा कृष्ण, लग्नसराईतला घागरा, हे सगळे कपडे एकेका दिवसाचे असतात, त्यासाठी नवा घ्यायला आईच्या जिवावर येतं पण पोराला नटवायची हौस तर असतेच. गरब्याची हौस आपल्याकडे धुळे-नंदुरबारपर्यंत केवढी आहे ते तुम्ही बघताच. घागऱ्याचं एका कार्यक्रमाचं भाडं दोनशे-तीनशे ठेवा, पाचशे डिपॉझिट आधी घ्या, देताना आणि परत घेताना दोघींसमोर उलटासुलटा बघून घ्या. ड्राय क्लीनचा खर्च कोणाकडे ते आधीच बोलून ठेवा, वाद होतात ते इथेच. कंबरेला आतून दोन इंच जास्तीचं कापड असेल तर टेलरकडून नाडी आणि हुकांच्या दोन रांगा करून घ्या, मग तीन ते पाच वर्षांच्या कोणत्याही मुलीला तो बसेल. लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी स्टेटसला त्याचे फोटो टाका, मापं आणि भाडं लिहून, आणि कोणत्या तारखा बुक झाल्या ते त्याच फोटोखाली लिहीत जा.